भित्र्या बाईंचं चर्च

बाईंना लिफ्टची भीती वाटायची. सरकत्या जिन्याची वाटायची, कालव्यातल्या हंसांची वाटायची, पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्यांची वाटायची, आणि चार तरुण मुलगे एका जागी हसत उभे असले की त्यांची तर फारच वाटायची. नोव्हेंबरात फटाके उडतात त्या आठवड्यात त्या अंधार पडायच्या आत घरी असत. "मी भित्री आहे हं," असं त्या पहिल्या भेटीतच सांगून टाकत. मधुमेह असलेला माणूस पंगतीला बसताना सांगतो तसं.

आणि या बाई आमच्या शहरातल्या सर्वांत धीट म्हणून गाजलेल्या चर्चच्या व्हर्जर होत्या.

व्हर्जर म्हणजे काय ते मलाही आधी माहीत नव्हतं. उपासनेच्या सुरुवातीला काळा पायघोळ झगा घालून, हातात चांदीच्या टोकाची काठी घेऊन पाळकांच्या पुढे चालायचं. लग्न असो की मयत, वाट व्हर्जरने दाखवायची. पूर्वी या काठीने खरोखरच गर्दी आणि गुरं बाजूला सारत, असं बाईंनीच मला सांगितलं. उरलेला आठवडाभर मग मेणबत्त्या, बॉयलर, सांडलेली कॉफी आणि बाकांखाली चिकटवलेलं च्युइंगगम. बाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. मिशनच्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकून विशीत इंग्लंडला आल्या, इथल्या हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून रिटायर झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात चर्चमध्ये रुजू झाल्या. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायच्या, "नवऱ्याची भीती."

आता त्या इंग्लंडच्या दक्षिणेत भाचीकडे राहतात. फोन उचलत नाहीत, कारण अनोळखी नंबरची भीती वाटते, आणि माझा नंबर सेव्ह कसा करायचा ते त्यांना कळत नाही.

चर्च बस स्टेशन आणि मार्केटच्या मधे आहे. गिरण्यांच्या धुराने काळं पडलेलं दगडी. एके काळी या शहरात काळ्या-सावळ्या माणसाला बसवर कंडक्टर म्हणून घेत नसत. त्याविरुद्धच्या पहिल्या सभा इथे भरल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लोक दर शुक्रवारी इथल्या पायऱ्यांवर मुकाट उभे राहिले. ज्यांना देशाबाहेर काढायचं ठरलं होतं अशी कुटुंबं इथल्या व्हेस्ट्रीत, म्हणजे झगे ठेवायच्या खोलीत, महिनोन्महिने राहिली. या सगळ्यातून चर्चचा एकच नियम तयार झाला होता: दिवसाउजेडी दाराला अडसर लावायचा नाही. शाळेच्या सहली यायच्या, शिक्षिका या लढ्यांतल्या माणसांची नावं कोरलेल्या पितळी पाटीसमोर उभ्या राहून शौर्याबद्दल बोलायच्या, आणि बाई मागे मेणबत्त्यांचं मेण खरवडत माझ्याशी मराठीत कुजबुजायच्या, "पळून आलेल्यांचं एक तरी नाव आहे का बघ त्या पाटीवर."

बाई स्वतः पळून आलेल्यांपैकी होत्या. नव्या नव्या इंग्लंडला आल्या तेव्हा हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनी त्यांना एका मोर्च्याला नेलं. बसचाच काहीतरी प्रश्न होता. मार्केटपाशी गल्लीतून काही जण बाटल्या घेऊन धावत आले. बाईंनी मैत्रिणीचा धरलेला हात सोडला आणि पळाल्या. पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरल्या आणि बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडामागे जाऊन बसल्या. तिथे तेव्हाच्या व्हर्जरला, एका म्हाताऱ्या इंग्रजाला, त्या सापडल्या. त्याने नाव विचारलं नाही की काय झालं ते विचारलं नाही. हातात एक झाडू दिला आणि म्हणाला, "हा धर जरा." एवढं सांगून तो निघून गेला. बाई तो झाडू घट्ट धरून बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की हात थरथरायचे थांबले आहेत.

"आणि मैत्रीण?" मी विचारलं होतं.

"तिच्या कपाळाला टाके पडले. मीच नंतर काढले. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी तिला जन्मभर टाळलं." मग मेण खरवडणं चालूच. "धीट माणसांचं काय गं, ती कुठंही उभी राहतात. त्यांना दार कशाला लागतंय? दार आपल्यासारख्यांसाठी."

मी भित्री नाही. पण तेव्हा मी ते सांगितलं नाही.

आमचा आणि त्या चर्चचा संबंध आला तो जातीमुळे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पंचवीस वर्षांपूर्वी नागपूरहून इथे नोकरीला आले. आम्ही बौद्ध. इथे आमची थोडी घरं आहेत, काही लीड्सला, काही आणखी लांब. इथल्या कायद्यात जातीवरून होणारा भेदभाव स्पष्ट शब्दांत यावा म्हणून आम्ही सह्या गोळा करत होतो, खासदारांना भेटत होतो, आणि त्यासाठी महिन्यातून एकदा जमायला जागा शोधत होतो. आपल्याच देशबांधवांच्या दोन हॉलनी नाही म्हटलं. "इथे जात नसतेच, तुम्ही उगाच आणता," असं एका ट्रस्टीने मला चहा पाजून सांगितलं. चर्चच्या पाळकांना विषय कळला नाही, म्हणून त्यांनी बाईंना बोलावलं. बाईंनी आमच्याकडे पाहिलं, आडनावं विचारली, आणि पाळकांना इंग्रजीत म्हणाल्या, "द्या यांना जागा. आमचे आजोबा चर्चमध्ये आले, हे बुद्धाकडे गेले. सोडलेलं घर एकच आहे."

त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चर्चच्या उत्तरेकडच्या भागात सतरंज्या अंथरून आमची वंदना व्हायची आणि मग मीटिंग. बाई मागे खुर्चीवर बसायच्या, नेहमी दाराच्या बाजूला. कुठल्याही खोलीत गेल्या की आधी दारं पाहायच्या, मग माणसं. आम्ही सवयीप्रमाणे चपला-बूट बाहेर पोर्चमध्ये काढून यायचो. बाई बूट काढत नसत. काळे, लेसचे, नर्सचे बूट. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरकाका, रिटायर्ड भूलतज्ज्ञ, शिस्तीचे. त्यांना ते खुपायचं.

"बाई, तथागतांसमोर तरी."

"डॉक्टर, तुमचे तथागत रागवायचे नाहीत. आणि पळायची वेळ आली तर ते काही माझी लेस बांधायला बसणार नाहीत. तुम्हीपण चपला आत आणत चला."

"पळायची वेळ कशाला येतेय?"

"ती सांगून येती का?"

डॉक्टरकाका माझ्याकडे बघून मान हलवायचे. आम्ही हसायचो. नगरच्या चर्चमध्येसुद्धा लोक बाहेरच पादत्राणं काढतात, हे बाईंनाही माहीत होतं. पण चपला बाहेर काढून आत बसणं म्हणजे आपण इथून घाईने निघणार नाही अशी खात्री देणं, आणि तशी खात्री बाई कुणालाच देत नसत.

त्यांच्या भीतीने एकदा एक कुटुंब वाचवलं होतं, हे मात्र सगळ्या शहराला माहीत होतं. व्हेस्ट्रीत एक बाप आणि त्याच्या दोन मुली राहत होत्या तेव्हाची गोष्ट. इमिग्रेशनची दोन माणसं आली, दारात बाई एकट्या. त्यांनी प्रश्न विचारला आणि भीतीने बाईंचं इंग्रजी गेलं. तीस वर्षं वॉर्ड चालवलेल्या बाई, तोंडातून एकही इंग्रजी शब्द निघेना. मग त्या मराठीत सुरू झाल्या. काय बोलल्या ते त्यांना आठवत नव्हतं. बहुधा नगरकडच्या शेळ्यांबद्दल असावं असं त्या म्हणायच्या. साहेब लोकांनी हळू विचारून पाहिलं, मोठ्याने विचारून पाहिलं. शेवटी दुभाष्या आणायला म्हणून निघून गेले. तेवढ्या वेळात पाळक परतले, वकील आला, कागद सादर झाले. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्याने बाईंना विचारलं, ही युक्ती कशी सुचली? बाई म्हणाल्या, "युक्ती कसली? मला अजून मळमळतंय."

त्या खोटं बोलत नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण भित्रेपणाचं सोंग आणणारी शूर बाई अशी त्यांची एक आवृत्ती लोकांनी तयार केली आहे, आणि ती साफ चूक आहे. मी त्यांचे हात धरून पाहिलेले आहेत. ते बर्फासारखे असत. वंदनेत मधेच रस्त्यावर कुणी ओरडलं तर त्यांची मान खांद्यात जायची आणि पुढची दहा मिनिटं बाहेर यायची नाही. मी त्यांना मानेचे व्यायाम लिहून दिले होते. त्या म्हणाल्या, "व्यायाम मानेला कशाला? मानेने काय केलंय?"

भीतीवर त्यांच्याकडे एकच उपाय होता, त्या म्हाताऱ्या व्हर्जरकडून शिकलेला. घाबरलेल्या माणसाच्या हातात काहीतरी द्यायचं. कुणी रडत आलं की बाई समजूत घालत नसत, गीतांच्या पुस्तकांचा गठ्ठा त्याच्या हातात देत आणि म्हणत, "हे धर, मी आलेच." व्हिसाच्या मुलाखतीला निघालेल्या एका माणसाला त्यांनी पितळी घंटी देऊन पाठवलं होतं. त्याने ती खिशात धरून मुलाखत दिली. घंटी परत आली नाही.

प्रज्ञा आमच्यात आली ती बाईंच्या तिथल्या शेवटच्या वर्षी. भंडाऱ्याची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायचं काम. सकाळची पाळी संपवून तशीच जांभळ्या ट्यूनिकवर, म्हणजे कामाच्या सदऱ्यावर, बसने यायची, त्यामुळे दर वेळी वंदना संपता संपता पोचायची. त्यांच्या होममध्ये कामावर फोन जवळ ठेवायला बंदी. ती तो लॉकरमध्ये बंद करून ठेवायची आणि घरी गेल्यावरच चालू करायची, बॅटरी वाचते म्हणून. बाईंना ती आवडायची, कारण तीही आत आल्या आल्या दारं बघायची. दोघी मागे शेजारी बसून कुजबुजत असायच्या. प्रज्ञाने बूट काढले की बाई ते उचलून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवायच्या.

आता त्या शनिवारबद्दल.

ऑगस्ट होता. इंग्लंडमध्ये त्या दिवसांत काय वातावरण होतं ते मी वेगळं सांगत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. कुठेतरी काहीतरी घडायचं, फोनवरून भलतंच पसरायचं आणि संध्याकाळपर्यंत बाहेरून आलेल्या कुणाच्या तरी खिडक्या फुटायच्या. हॉस्पिटलमध्ये आम्हाला सांगितलं होतं, युनिफॉर्मवर रस्त्याने जाऊ नका, एकटं जाऊ नका. मी रोजच्या रस्त्याने न जाता लांबून जायला लागले होते आणि तसं का करते ते घरी सांगत नव्हते. गुरुवारी एक मेसेज फिरला. त्यात आमच्या चर्चचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की बाहेरून येणाऱ्यांना ही लोकं आत घेतात, शनिवारी दाखवून देऊ.

बाईंचा मला फोन आला. "पाळक सुट्टीवर गेलेत वेल्सला. मी एकटी आहे. मला फार भीती वाटतीय. तुम्ही येऊ नका."

"ठीक आहे बाई. कॅन्सल करते."

मी फोन ठेवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण आलात, तर दार उघडं असेल."

पोलिसांना विचारलं तर ते म्हणाले, गर्दी टाउन हॉलसमोर जमणार आहे, दुपारी, तुमच्याकडे येईलसं वाटत नाही. डॉक्टरकाका म्हणाले, एकदा घरी बसलो की कायमचे घरी बसू. मग आम्ही गेलो. वीसेक जण असू, पैकी निम्मे साठीच्या पुढचे. आणि सवयीप्रमाणे सगळ्यांनी चपला-बूट पोर्चमध्ये काढले. एवढा मेसेज वाचून, एवढी चर्चा करून आलेली शहाणी माणसं, आणि दगडी पायरीपाशी आलो की हात आपोआप लेसकडे गेला. बाई दारात उभ्या होत्या. त्या आमच्या पायांकडे बघत राहिल्या.

त्रिशरण म्हणताना पहिला आवाज आला. लांबचा, फुटबॉलच्या मॅचसारखा. पंचशील संपेपर्यंत तो जवळ आला होता. कुणी थांबलं नाही, पण म्हणण्याचा वेग वाढला. मग पायऱ्यांपाशी काच फुटली.

बाई उठल्या. त्यांनी दार लोटलं आणि लाकडी अडसर सरकवला. मी त्या चर्चमध्ये दिवसा अडसर लागल्याचा आवाज त्याआधी ऐकला नव्हता. फार मोठा आवाज होता तो.

पोर्च बाहेरच राहिला आणि त्यात आमच्या सगळ्यांच्या चपला. थोड्या वेळाने त्या खिडक्यांवर येऊन आदळायला लागल्या. एक तपकिरी कोल्हापुरी चप्पल काचेच्या बाहेरच्या जाळीत अडकून लटकली. डॉक्टरकाका तिच्याकडे बघत म्हणाले, "ती माझी आहे." त्यांचा आवाज मी ओळखला नसता.

बाईंचं काम सुरू झालं होतं. त्या एकेकाच्या हातात वस्तू देत फिरत होत्या. कुणाला गीतांची पुस्तकं, कुणाला मेणबत्तीची उंच दांडी, कुणाला गुडघे टेकायची उशी. डॉक्टरकाकांना फुलांची पितळी फुलदाणी. "हे धरा. मी आलेच." मी पोलिसांना फोन लावला. ते म्हणाले, माणसं निघाली आहेत, आतच थांबा, कुणालाही दार उघडू नका.

पोर्चच्या बाजूला हाताच्या रुंदीची एक खिडकी आहे. तिथून रस्ता आणि समोरचा बस स्टॉप दिसतो. मी तिथे उभी होते. गर्दी शे-दोनशेची असेल. झेंडे, कॅनमधली बीअर, काहींनी तोंडं झाकलेली. पण बरेच जण साधेच, मार्केटमध्ये रोज दिसणारे. तेच मला जास्त भयंकर वाटलं. त्यांच्यातले दोन-तीन माझे पेशंट असू शकले असते, गुडघ्याचे, कंबरेचे.

आणि त्या सगळ्यातून बस आली. रस्ता अजून बंद केला नव्हता. ती हळूहळू गर्दीतून पुढे सरकली, स्टॉपवर थांबली, एकच माणूस उतरला आणि बस निघून गेली.

"प्रज्ञा," मी म्हणाले.

जांभळा ट्यूनिक. खांद्याला पिशवी. ती शेल्टरमध्ये जाऊन काचेला पाठ लावून उभी राहिली. तिने चर्चकडे पाहिलं, दार बंद होतं. मी लावलेला फोन अर्थातच लागला नाही. स्टॉपजवळच्या टोळक्यातल्या एकाने तिच्याकडे बोट दाखवलं. दुसरा काहीतरी ओरडला. दोघंतिघं हसले, पण जवळ गेले नव्हते. अजून गेले नव्हते.

मी वळले तर बाई झगा घालत होत्या. काळा, पायघोळ. बटणं लागत नव्हती. मी लावून दिली.

"मी येते बरोबर."

"पायात काय आहे तुझ्या?"

पायात मोजे होते.

"बाहेर काचा आहेत. इथं बूट फक्त माझ्या पायात आहेत," बाई म्हणाल्या. यात त्यांना अभिमान नव्हता. उलट आपण स्वतःच कशात अडकलो अशा चेहऱ्याने त्यांनी बुटांकडे पाहिलं. "तू दार धर. मी काठी वाजवली की उघड. माझ्यामागं कोण आहे ते बघून मग उघडायचं, असलं काही करू नको. उघड, आणि मग बघ."

डॉक्टरकाका फुलदाणी घेऊन पुढे आले. "हे बघा, आत वीस माणसं आहेत. पोलिसांनी सांगितलंय. एका मुलीसाठी... माझंही मन आहे बाई, पण एकदा दार उघडलं की ते आत घुसतील."

"घुसतील," बाई म्हणाल्या. "मलापण तेच वाटतंय."

"मग?"

"मग काय? ती बाहेर आहे."

मी अडसर काढला. बाई बाहेर पडल्या. मी पुन्हा लावला आणि खिडकीशी धावले.

लोक कसे चालतात हे बघणं माझा धंदा आहे. बाईंचा उजवा खुबा अधू आहे. एरवी त्या रस्त्याच्या कडेने, भिंत धरून, तिरक्या आणि घाईघाईने चालतात. त्या दिवशी त्या पायऱ्या उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध गेल्या. काठी दोन्ही हातांत छातीशी उभी धरलेली, चांदीचं टोक वर, नजर सरळ. चालणं मयतीचं. एक पाऊल, मग दुसरं पाऊल त्याच्याजवळ आणायचं, थांबायचं, मग पुढचं. झगा थरथरत होता, वारा नव्हता.

पहिल्यांदा कुणीतरी शीळ घातली. एक कॅन त्यांच्या पायाशी येऊन पडला. मग एका म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी खेकसलं, "ए, गप्प बसा. मयत आहे."

इथल्या माणसांचं मयतीशी एक नातं आहे. शववाहिनी दिसली की बस ड्रायव्हरसुद्धा गाडी बाजूला घेतो, दारू प्यायलेला माणूस पबच्या दारात टोपी काढून उभा राहतो. काळा झगा आणि संथ चाल यांना ते लहानपणापासून वाट देत आलेले असतात. पुढच्यांनी वाट दिली. मागच्यांना काय चाललंय ते कळलं नाही, पण पुढचे सरकले म्हणून तेही सरकले. सगळे नाही. एक जण बाईंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी ओरडला. बाईंचं डोकं खांद्यात गेलं, मी पाहिलं. पण पाय तसेच पडत राहिले. मग गर्दी त्यांच्यामागे मिटली आणि मला फक्त चांदीचं टोक दिसत राहिलं. मग तेही दिसेना.

मी दाराशी परत आले. माझा हात अडसरावर होता. मी मनात पुन्हा पुन्हा ठरवत होते की काठी वाजली की उघडायचं. आणि पुन्हा पुन्हा वाटत होतं की काठी वाजवणारा दुसराच कुणी असेल, त्यांच्या हातातून हिसकावून घेतलेली काठी असेल. लाकडावर कान ठेवला तर माझ्याच रक्ताचा आवाज येत होता.

शेल्टरमध्ये काय झालं ते प्रज्ञाने नंतर सांगितलं. बाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, तिच्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या, "डोकं खाली. माझ्यामागं चल. पळायचं नाही. तू पळालीस तर मीपण पळीन, आणि मग दोघी मेलो." प्रज्ञाने विचारलं, किती लांब? बाई म्हणाल्या, "बोलू नको, मला उलटी होईल."

काठी वाजली. तीनदा, सावकाश. डॉक्टरकाका म्हणाले, "आधी बघा." मी उघडलं.

बाई आत आल्या. त्यांच्यामागे प्रज्ञा, हात पोटाशी बांधलेले, मान खाली. आणि तिच्यामागे एक म्हातारा गोरा माणूस. सत्तरीचा असेल. खांद्यावर झेंडा गुंडाळलेला, हातात काढलेली टोपी. तो वाटेत कुठेतरी त्यांच्यामागे चालायला लागला होता आणि चालत चालत थेट आत आला होता. मी अडसर लावला तेव्हा तो आमच्या बाजूला होता.

कुणीतरी किंचाळलं. डॉक्टरकाकांनी फुलदाणी वर उचलली.

म्हातारा बाईंकडे वळला, आवाज खाली घेऊन, जसा अशा वेळी घेतात. "कुणाची मयत आहे, लव्ह?" इथे अनोळखी बाईलाही लव्ह म्हणतात.

बाई भिंतीला टेकल्या होत्या. चेहरा राखेसारखा. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "अजून ठरलेलं नाही."

त्याला ते कळायला वेळ लागला. त्याने समोर पाहिलं. शवपेटी नव्हती. सतरंज्यांवर उघड्या पायांची म्हातारी माणसं बसली होती, प्रत्येकाच्या हातात काहीतरी घट्ट धरलेलं. मागे टेबलावर आमची लहानशी बुद्धमूर्ती आणि विझत आलेली अगरबत्ती. त्याने प्रज्ञाच्या ट्यूनिकवरच्या केअर होमच्या नावाकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जाळीत लटकलेल्या चपलेकडे पाहिलं.

तेव्हाच दारावर पहिली लाथ बसली. मग दुसरी. अडसर हलला. बाहेरून कुणीतरी विचारत होतं, कुठे गेली ती, आत गेली का ती. प्रज्ञा बाईंच्या झग्यामागे गेली. बाईंनी तिला मागे घेतलं आणि स्वतः डोळे मिटले.

म्हातारा दारापाशी गेला. मी त्याच्या आणि अडसराच्या मधे उभी होते आणि हलले नाही. त्याने मला हलायला सांगितलं नाही. माझ्या डोक्यावरून लाकडावर तळहात ठेवून तो ओरडला, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शिव्या घालून, "अंत्यविधी चाललाय इथं! तुमच्या आयांची तरी जरा लाज धरा. व्हा बाजूला!"

बाहेर कुजबुज झाली. आणखी एक लाथ बसली, अर्धवट. मग पायऱ्यांवरून उतरणारे बूट ऐकू आले. लांबून पोलिसांचा सायरन येत होता.

तो वळला. कुठे बसावं ते त्याला कळेना. आम्ही कुणीच त्याला बस म्हणालो नाही, मीसुद्धा नाही. प्रज्ञाने बाईंचा झगा सोडला, डॉक्टरकाकांच्या हातातली फुलदाणी काढून घेतली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि पोटाशी धरून उभा राहिला.